भोपळा म्हणजे माईक नव्हे

शनिवार, ५ ऑक्टोबर

आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. तरी अक्षर नीट काढणे. पुढचं काही सांगता येत नाही.

वाचनालयात माझा वर्ग सुरू झाला. 'कुमारांसाठी कथालेखन: थीम, स्टाइल आणि व्ह्यूपॉइंट.' हे नाव माझं. वाचनालय सांभाळणाऱ्या नेलिदाने फळ्यावर लिहिलं, 'चला, गोष्टी लिहू या.' खाली फुगे काढले. चालवून घेतलं. बाई माझ्यावर भाळलेली आहे, मोडकी पावबिस्किटं आवर्जून माझ्याच बशीत घालते.

मुलं नऊ. वय पंधरा-सोळा. चेहरे असे, की जन्म घेतला हेच उपकार. मी विचारलं, साहित्य म्हणजे काय? एकाने विचारलं, टॉयलेट कुठे?

तरी सुरुवात दमदार झाली. माझ्या घडणीबद्दल बोललो. बोलताना समोर मातेचा, म्हणजे आमच्या कडू पाल्याच्या चहाचा, पोकळ भोपळा आला, तो हातात धरून बोलत राहिलो. अर्ध्या तासाने ब्रियान नावाचं एक लांबलचक कार्टं म्हणालं, प्रोफे, तो भोपळा आहे, माईक नाही. सगळा वर्ग फिदीफिदी. वर मलाच समजावतो, की नळीने ओढून संपवायचा आणि भरणारीला परत द्यायचा, म्हणजे ती पुढच्याला भरून देते. मला! मी दात येण्याआधीपासून माते पितोय. ह्या अख्ख्या उरुग्वेत हा विनोद शिळा झालाय, पण ह्यांना तोच सुचणार. ओरिजिनॅलिटी शून्य.

भरणारी मुलगी लुद्मिला. थर्मास मांडीवर घेऊन बसते, एक शब्द बोलत नाही. माझ्याकडे एकटक बघत होती. भारावली असणार.

कादंबरी: पहिलं वाक्य जवळजवळ पक्कं. 'नदी वाहत होती.'

शनिवार, १२ ऑक्टोबर

थीम.

मुलांना म्हटलं, आपापली थीम सांगा. उत्तरं: मेलेला कुत्रा. बाबांची विकलेली मोटारसायकल. आजीच्या कोंबड्या. एकीने सांगितलं, तिची मावशी स्पेनला गेली आणि तिचा वास अजून उशीला येतो. म्हटलं, बाई, ही थीम नाही, ही धुलाईची तक्रार आहे. थीम म्हणजे काळ. मृत्यू. नदी.

ब्रियानने विचारलं, नदीत कधीचाच मेलेला कुत्रा चालेल का? तिन्ही येतात.

दुर्लक्ष केलं. भोपळा माझ्याकडे किती वेळ होता कोण जाणे, पण मागच्या बाकावरून कुणीतरी खोकून घसा कोरडा पडल्याचं नाटक केलं. टीनएजर लोकांना तहान फार लागते, असं निरीक्षण.

संकल्प: पुढच्या वेळी भोपळा आला की लगेच परत करणे. त्यांना विनोदाची संधीच द्यायची नाही.

शनिवार, १९ ऑक्टोबर

स्टाइल. माझ्या कादंबरीचं पहिलं वाक्य वाचून दाखवलं आणि त्यावर तासभर बोललो. 'वाहत' का, 'धावत' का नाही. 'होती' या शब्दातली खिन्नता. दोघं झोपले. खोल साहित्याने माणूस आधी थकतोच.

एका मुलीने आजीच्या कोंबड्यांची गोष्ट वाचली. सगळे हसले, मग शेवटी गप्प झाले. सोपी वाक्यं होती, कुणालाही कळतील अशी. तिला प्रेमाने सांगितलं, स्टाइल नावाची चीज यात औषधालाही नाही. पुढच्या शनिवारपासून ती येणार नाही म्हणे. टीका पचवायला पोट लागतं.

भोपळ्याचा संकल्प विषयाच्या ओघात राहून गेला.

शनिवार, ९ नोव्हेंबर

व्ह्यूपॉइंट. नोट्स घरी विसरल्या, पण मी काही नोट्सवर जगणारा माणूस नाही. जागच्या जागी एक एक्सरसाइज रचला. असा माणूस निवडा, जो तुम्हाला सहन होत नाही. त्याच्या डोळ्यांनी बघा, त्याच्या तोंडाने बोला. आणि शेवटी, कुणी बघत नसताना तो काय करतो, ते लिहा. ते सापडेपर्यंत गोष्ट संपवू नका.

बोलून झाल्यावर माझं मलाच वाटलं, काय माणूस आहेस आबेलार्दो बेंतान्कोर!

लुद्मिलाने पहिल्यांदाच काहीतरी लिहून घेतलं. मग तोंड उघडलं. विचारते काय, तो माणूस ओळखीचा असला तर चालेल का, प्रोफे? म्हटलं, ओळखीचाच हवा, मुली. अनोळखी माणसाचा कुणी तिरस्कार करतं का?

ब्रियान म्हणाला, मग कागद जास्त लागतील.

शनिवार, १६ नोव्हेंबर

बातमी! नेलिदाची मावसबहीण इनेस लाराल्दे फेब्रुवारीत गावात येतेय. राजधानी माँतेविदेओतली प्रकाशिका. स्वतःची संस्था, नवे लेखक शोधते. नेलिदा म्हणते, ती कार्निव्हलला दरवर्षी येते, यंदा तू ओळख करून घे ना. 'दरवर्षी येते' हे नेलिदाने मुद्दाम घातलंय. मी घाबरू नये म्हणून.

प्लॅन असा. १५ फेब्रुवारी, शनिवार, संध्याकाळी वाचनालयात मुलांचं जाहीर कथावाचन. प्रास्ताविक मी. प्रास्ताविक तासाभराचं. मग मुलांच्या गोष्टी, दोन-दोन मिनिटं, म्हणजे गुरू कोण ते कळावं. मग समारोप मी. मग इनेसबाईंच्या हातात कादंबरी.

पंचावन्नाव्या वर्षी माणसाकडे आणखी किती फेब्रुवारी असतात? हा एक लागला पाहिजे. गावात सगळे मला 'लेखक' म्हणतात, पण म्हणताना त्यांचं तोंड जरा वाकडं होतं. ते सरळ करायचंय.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून चार पानं.

कादंबरी: पानं शून्य, पण शीर्षक बदललं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

हजेरी: चार.

कारण कळलं. वॉशिंग्टन पेरेइरा! टायरवाला! ह्या इसमाने कार्निव्हलच्या टोळीसाठी माझी मुलं पळवली. वर्षभर पंक्चर काढायची आणि फेब्रुवारी आला की तोंडाला रंग फासून, ढोल-झांजा बडवत गावातल्या सभ्य माणसांची टर उडवायची, ह्याला हे लोक कला म्हणतात. अठरा माणसं एकदम बेंबीच्या देठापासून ओरडतात. थीम: महापौर. स्टाइल: आरडाओरडा. व्ह्यूपॉइंट: प्रश्नच नाही.

त्याला चौकात गाठून सुनावलं. तर खांद्यावर हात टाकून म्हणतो, काय रे लेखका, ह्या वर्षी तुला घेऊ का गाण्यात? म्हटलं, माझी उंची तुमच्या गाण्यात मावणार नाही. तो म्हणाला, वाकवून बसवू.

ब्रियान ढोल वाजवतो म्हणे. लुद्मिलाही जाते. ही मुलगी चार माणसांत तोंड उघडत नाही, तिथे काय गाणार? मी तिला स्पष्ट विचारलं. ती म्हणाली, गात नाही, थोडं लिहून देते. मी डोळे मिटून घेतले.

शनिवार, १४ डिसेंबर

चारातले तीन आले. पण क्वालिटी वाढली आहे.

लुद्मिलाबद्दल एक हृद्य गोष्ट. मी बोलताना डावा हात कसा हवेत फिरवतो, तसा ती हळूच फिरवत होती. ब्रियानने बघितलं, तर म्हणाला, अजून थोडा वर, कोपरातून. म्हणजे मुलं माझी देहबोली सुद्धा आत्मसात करतायत. आणि लोक म्हणतात, आजची पिढी गुरूला मानत नाही.

वर्ग संपल्यावर ब्रियानने माझा लाल लोकरी मफलर मागितला. (डिसेंबरचा उन्हाळा असो, नसो, लेखकाच्या गळ्यात काहीतरी हवं.) म्हटलं, कशाला? म्हणाला, प्रोफे, आठवण म्हणून, वाचनाच्या दिवशी उपयोगी पडेल.  मफलर दिला. जुनं कॉरड्युरॉयचं जॅकेटही दिलं. त्याने विचारलं, बरं, तो चष्मा, जो तुम्ही डोक्यावर ठेवून शोधत असता? म्हटलं, तो नाही. तो लागतो.

शनिवार, ४ जानेवारी

उकाडा. गाव नदीवर पडलंय, मी टेबलापाशी. पहाटे पाचचा संकल्प जरा बदलून सकाळी दहा केला, आणि दहाचा आता 'प्रेरणा येईल तेव्हा' असा आहे.

कादंबरी: 'नदी वाहत होती' बदलून 'वाहत होती नदी' केलं. दिवसभर बघत बसलो. पुन्हा पहिलं ठेवलं.

आज वर्गात फक्त ब्रियान आणि लुद्मिला. मृत्यू या थीमवर दीड तास बोललो. माझा थर्मास तिथेच विसरून आलो. घरी आल्यावर जुन्या किटलीत पाणी तापवून भागवलं.

रविवार, ५ जानेवारी

सकाळी दार उघडलं तर पायरीवर थर्मास. शेजारीण म्हणाली, काल संध्याकाळी एक मुलगी घेऊन आली होती, खिडकीपाशी बराच वेळ थांबली, दार काही वाजवलं नाही, ठेवून गेली.

लुद्मिला. मी त्या वेळी त्याच खिडकीच्या आत, स्वयंपाकघरात बसलेलो असणार. गुरूच्या चिंतनात व्यत्यय नको म्हणून बिचारीने दार वाजवलं नाही. हे संस्कार हल्ली दिसत नाहीत.

शनिवार, १ फेब्रुवारी

ब्रियान विचारत होता, प्रोफे, पंधरा तारखेला आमचं जे आहे ते आम्ही मंचावर केलं तर चालेल का? सगळं गाव असेल. मी त्या वेळी प्रास्ताविकाचं अकरावं पान काढत होतो. म्हटलं, मंचावर करा, चंद्रावर करा, मला फक्त वेळेवर हवं. तो म्हणाला, मग तुम्ही नक्की या हां. ह्या मुलाचा मेंदू उन्हाने पातळ झालाय. माझ्याच कार्यक्रमाला मला बोलावतोय!

लुद्मिलाचा व्ह्यूपॉइंटचा एक्सरसाइज अजून आला नाही. विचारलं, तर म्हणाली, शेवट सापडत नव्हता, गेल्या महिन्यात सापडला. म्हटलं, मला दाखव, दुरुस्त करतो. तिने ब्रियानकडे बघितलं. ब्रियान खिडकीबाहेर बघायला लागला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सर्व तयारी चोख. खुर्च्या चाळीस. प्रास्ताविक चौदा पानं. कादंबरीची फाइल नवी, चामड्याची. आत पहिलं पान आहे, खाली कोरे कागद, वजन यावं म्हणून. प्रकाशक लोक आधी वजन बघतात.

नेलिदा म्हणाली, अरे आबेलार्दो, उद्या सातलाच चौकात टोळ्यांचं उद्घाटन आहे, तुझी वेळ बदलू या का? म्हटलं, ज्याला साहित्य हवं तो इकडे येईल. ती काहीतरी बोलणार होती. मग पावबिस्किटांचा डबा पुढे केला. अख्खी होती ह्या वेळी.

रविवार, १६ फेब्रुवारी, सकाळ

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

सात वाजता चाळीस खुर्च्या आणि मी. सव्वासातला एक म्हातारे गृहस्थ आले, पंखा आहे का विचारून बसले. साडेसातला त्यांच्यासाठी प्रास्ताविक सुरू केलं. दुसऱ्या पानावर चौकातून ढोल सुरू झाला आणि गृहस्थ माफी मागून निघून गेले. मी खिडकी लावायला उठलो. खिडकीतून मंच दिसतो.

मंचावर माझा मफलर होता.

तसाच फाइल घेऊन धावत गेलो. सगळं गाव. आणि मध्यभागी ब्रियान, माझ्या जॅकेटमध्ये, गळ्यात माझा मफलर, डोक्यावर एक चष्मा आणि डोळ्यांवर दुसरा, हातात घमेल्याएवढा कागदी भोपळा. डावा हात हवेत. कोपरातून. लोक आधीच लोळत होते. तो भोपळ्यात तोंड घालून गात होता:

थीम म्हणजे मीच, आणि स्टाइल म्हणजे मी,
व्ह्यूपॉइंट दुसऱ्यांचा? छे छे, त्यांची किंमत कमी!

आणि मागे अठरा रंगवलेली तोंडं, पहिल्या रांगेत वॉशिंग्टन, घसे धरून:

माईक नाही हो, भोपळा आहे तो,
पुढच्याचा घसा वाळून जातो!

शेवटी शेवटी अख्खा चौक गायला लागला. खाटीक गात होता. माझा दंतवैद्य गात होता. नेलिदा गात होती! तिच्या बाजूला एक पांढऱ्या केसांची बाई हसून हसून डोळे पुसत होती. ती इनेस लाराल्दे असणार हे कुणी सांगायची गरज नव्हती.

मी वळून निघणार होतो. अंगाचा तिळपापड झाला होता. तेवढ्यात ढोल थांबला. ब्रियान मंचाच्या कडेला खाली बसला आणि एकट्याने, हळू म्हणाला:

घरी येऊन तो पाणी तापवतो,
एकच भोपळा, स्वतःच भरतो,
पिऊन झाला की हात पुढे करतो,
घ्यायला कुणी नसतं. स्वतःच धरतो.

चौक गप्प.  मी तिथे, रोषणाईच्या तारेखाली, चामड्याची फाइल घेऊन. दोघातिघांनी मला पाहिलं आणि नजर वळवली. हसत राहिले असते तर बरं झालं असतं.

नंतर नेलिदाने हाताला धरून बहिणीपुढे नेलं. इनेसबाईंनी हात हातात घेतला, म्हणाल्या, तुम्हीच का ते? म्हटलं, मीच. फाइल पुढे केली. त्या म्हणाल्या, मला वाचायचंच आहे, सगळं. मी म्हटलं, सगळं ह्यात आहे. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, नाही नाही, तुमचं नाही हो, तुमच्यावरचं. त्या मुलीने लिहिलेलं. कुठे आहे ती?

फाइल घेऊन घरी आलो. वजन भरपूर आहे तिला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

राजीनामा दिला. तीन पानी. नेलिदाने वाचून घडी घातली आणि म्हणाली, लुद्मिलाच्या वह्या इनेसने माँतेविदेओला नेल्या. मग म्हणाली, इनेसने विचारलं, एवढ्याशा पोरीला हे शिकवलं कुणी? मी तुझं नाव सांगितलं.

मी म्हटलं, तू गात होतीस.

ती म्हणाली, चाल चांगली आहे रे.

कृतघ्न गाव. कृतघ्न पोरं. मफलर परत घेणे, मग ह्या वाचनालयाचं तोंड पाहायचं नाही. शेजारीण काय म्हणाली होती ते दोन दिवस डोक्यात घोळतंय. खिडकीपाशी बराच वेळ थांबली होती.

शनिवार, २२ फेब्रुवारी

फक्त मफलर घ्यायला गेलो.

वर्गात सगळे होते. कोंबड्यांवाली सुद्धा. टेबलावर मफलर धुऊन, घडी करून. जॅकेटचं तुटलेलं बटण कुणीतरी लावलं होतं, हिरव्या दोऱ्याने. जॅकेटचा रंग तपकिरी आहे, पण ते असो.

लुद्मिला थर्मास घेऊन बसली होती, मान खाली. ब्रियान बोलला. प्रोफे, रागावलात ना? रागवा. पण तिला नको. वॉशिंग्टन म्हणत होता, शेवटचं कडवं काढ, लोक हसणार नाहीत. ही म्हणाली, ते काढलं तर मी सगळंच काढून घेते. भांडली त्याच्याशी. ही!

मी उभाच होतो. लुद्मिलाने भोपळा भरून माझ्यापुढे धरला. खाली बसावं लागलं.

बोलण्यासारखं खूप होतं. म्हणजे चार ओळींत तिने थीम, स्टाइल, व्ह्यूपॉइंट तिन्ही साधलं होतं, आणि शेवटी कुणी बघत नसताना तो माणूस काय करतो, तेही. मी सांगितलेलंच. माझ्याकडून मात्र आजवर झालेलं नाही. शिवाय तिसऱ्या ओळीत लय किंचित अडखळते, त्यावर अर्धा तास आरामात बोलता आला असता. तोंड उघडलं. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी पण बघितलं.

नळीने ओढून संपवला. परत दिला. म्हटलं, जमलंय.

ब्रियानने माझ्या कपाळाला हात लावला. म्हणाला, प्रोफे, ताप आहे का?

मग लुद्मिलाने पुढच्याला भरून दिला. मग त्याच्या पुढच्याला. कोंबड्यांवालीने मांजराची नवी गोष्ट वाचली. मला कुणी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. भोपळा माझ्याकडे चार वेळा आला. इतक्या महिन्यांत एका दिवसात एकदापेक्षा जास्त कधी आला नव्हता. निघताना नेलिदा म्हणाली, आजचा वर्ग सगळ्यात चांगला झाला असं मुलं म्हणतायत. राजीनामा तिने कुठे ठेवलाय ते विचारायचं राहिलं.

संध्याकाळी विचार केला, मौन ही एक अध्यापनपद्धती होऊ शकते. तिच्यावर व्याख्यानमाला करता येईल. किमान सहा व्याख्यानं.

कादंबरी: नदी वाहत होती. बदल नाही.

मग पाणी तापवलं. भोपळा भरला, संपवला आणि हात पुढे केला. कितीतरी वर्षं करत असणार, तो हात आज पहिल्यांदा दिसला. उठून खिडकीचा पडदा ओढून घेतला. थोड्या वेळाने पुन्हा उघडला.